पाककृतीतले ‘मटण’ नेमके कोणाचे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींचे सदर मी बारकाईने वाचत असतो. गेल्या काही महिन्यांपासून त्यात सामिष पदार्थांना आवर्जून जागा मिळू लागली आहे आणि केवळ बिर्याणी-कबाबांवर न थांबता कोल्हापूर, नागपूर, खानदेश, मालवण असा फेरफटकाही होऊ लागला आहे, याबद्दल आपले अभिनंदन केले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. या पाककृतींत दगडफुलाच्या पाकळ्या किती, खसखस किती चमचे, सुके खोबरे किती वाट्या हे सारे काटेकोर मोजून दिलेले असते; परंतु ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्याचा उल्लेख ‘अर्धा किलो मटण’ किंवा ‘एक किलो चिकन’ एवढ्यावर उरकलेला असतो. मटण बोकडाचे घ्यायचे की मेंढीचे, जनावर कोवळे हवे की जून, तुकडे मांडीचे हवेत की मानेचे, कोंबडी ब्रॉयलर की गावरान, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. पशुसंवर्धन खात्यात नोकरी करताना जनावरे जिवंतपणी आणि कापल्यानंतरही तपासण्याचे काम मी बराच काळ केले असल्यामुळे असेल कदाचित, पण मसाल्याच्या वाटणाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व मी या प्रश्नांना देतो.

वृत्तपत्रांना हा फरक ठाऊक नाही असेही नाही. पुण्यात गणेश पेठेतील मासळी बाजाराच्या वृत्तासोबत मटण-चिकनचे भाव छापून येतात, ते पाहावेत. त्यात बोकडाच्या मटणाची ओळ वेगळी असते, बोल्हाईच्या मटणाची वेगळी. खिमा, कलेजी यांचे दर निराळे दिलेले असतात आणि कोंबडीतही लेगपीस, बोनलेस आणि जिवंत पक्षी असा भेद केलेला असतो. बाजारभावाच्या स्तंभाला जे कळते, ते पाककृतीच्या स्तंभापर्यंत पोहोचू नये, हे विचित्र आहे.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी बोल्हाईच्या मटणाचा खुलासा करणे आवश्यक आहे. हवेली तालुक्यात वाडेबोल्हाई येथे बोल्हाई देवीचे ठाणे आहे. ज्या घराण्यांत या देवीला मानतात, तेथे शेळी-बोकडाचे मांस वर्ज्य असते आणि मेंढीचे चालते. म्हणून पुणे परिसरातील खाटीक मेंढीच्या मटणाला बोल्हाईचे मटण म्हणतात आणि दुकानावर तशी पाटीही लावतात. ही पाटी कोणत्याही सरकारी नियमामुळे लागलेली नाही, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेपोटी लागली आहे. तरीही आपण कोणत्या जनावराचे मांस विकत घेतो आहोत हे गिऱ्हाइकाला दारातच सांगणारी इतकी स्पष्ट पाटी मला राज्याच्या इतर भागांत फारशी आढळलेली नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे ‘बकऱ्याचे मटण’ म्हटले की बहुधा मेंढीचे समजावे, कारण तिकडे बकरे म्हणजे मेंढरू आणि शेळीच्या नराला बोकडच म्हणतात. हेच शब्द मुंबईत किंवा मराठवाड्यात वाचणारा मनुष्य मात्र बोकडाचेच मटण आणणार. म्हणजे कोल्हापूरच्या एखाद्या भगिनीने तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची कृती मनापासून लिहून पाठवावी आणि ती लातूरच्या भगिनीने तंतोतंत करावी, तरी दोघींच्या पातेल्यांत दोन वेगळी जनावरे शिजत असतात, आणि रस्सा ‘तसा’ झाला नाही याचा दोष शेवटी बिचाऱ्या कांदा-लसूण मसाल्यावर येतो.

या दोन जनावरांच्या मांसात फरक किती पडतो, असे कोणी विचारील. तो चरबीत पडतो, आणि तेथून पुढे सगळीकडे पसरतो. शेळीची चरबी मुख्यतः पोटात आणि गुर्द्यांभोवती साठते. तिचे मांस त्यामानाने कमी चरबीचे, गडद आणि हाताला किंचित चिकट लागणारे असते. मेंढीची चरबी कातडीखाली आणि स्नायूंच्या थराथरांत उतरलेली असते, ती पांढरीशुभ्र आणि टणक असते, शिवाय गार होताच ती गोठते. म्हणूनच मेंढीच्या मटणाचा रस्सा ताटात थंड झाला की ओठांना आणि टाळूला साय चिकटल्यासारखी वाटते, आणि तो वाफाळताच वाढायचा असतो. मेंढीच्या मटणाला फोडणीत तेल बेताचे लागते, कारण तांबड्या रश्श्यावरचा तवंग काही अंशी तिच्या स्वतःच्या चरबीचाच असतो. तिला एक खास वासही असतो, तो ज्यांना सोसत नाही त्यांनी आले-लसणाचा हात सैल सोडावा. बोकडाच्या मटणाला मात्र तेल वेगळे द्यावे लागते, आणि त्याची मूळ चव सौम्य असल्यामुळे मसाला तोलून वापरावा लागतो. एकाच कृतीत दोन्हींसाठी ‘पाव वाटी तेल’ लिहिणे म्हणजे एकाचा रस्सा कोरडा आणि दुसऱ्याचा ओशट करणे होय.

महाराष्ट्रात तर या विविधतेला तोटा नाही. मराठवाड्याची काळीभोर उस्मानाबादी शेळी, नगर-नाशिककडची संगमनेरी, विदर्भातील बेरारी आणि सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ या चार नोंदणीकृत जाती आपल्या राज्याच्या आहेत. मेंढ्यांत धनगर बांधवांनी पठारभर फिरवून टिकवलेली काटक दख्खनी मेंढी आहे आणि जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी आहे, जिचे बाकदार नाक आणि थोराड अंगलट पाहिली की बाजारात तिला भाव का मिळतो ते सांगावे लागत नाही. आंब्याच्या पाककृतीत हापूस की पायरी हे विचारणाऱ्या वाचकाला शेळी की मेंढी हे विचारण्याची सवय लावणे अवघड नसावे.

दुकानात हा फरक ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्या पुढच्या पिढीला कोणी सांगत नाही म्हणून येथे लिहितो. आकड्याला टांगलेल्या बोकडाच्या शेपटीवर केसांचा झुपका जाणूनबुजून ठेवलेला असतो. शेळीवर्गाची शेपूट आखूड आणि वर वळलेली, तर मेंढीची खाली लोंबणारी असते. जनावर नर होते हे दिसावे म्हणून वृषणही तसेच राखतात, कारण म्हाताऱ्या शेळीचे मटण बोकडाचे म्हणून खपवले जाईल अशी शंका गिऱ्हाइकाला असते आणि ती नेहमीच निराधार असते असे नाही. पूर्ण वाढलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाच्या मटणाला उग्र दर्प येतो. म्हणून जाणते लोक खच्ची केलेला किंवा कोवळा बोकड मागतात. मुंडी दुकानात असेल तर दात पाहावेत. खालच्या जबड्यात सगळे दुधाचे दात असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतले, पुढचे दोन मोठे दात आलेले असतील तर दीडेक वर्षाचे, आणि आठही बदललेले असतील तर चार वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून थोर. बैलांच्या बाबतीत आदत (दुधाचे दात), दुसा (दोन दात), चौसा (चार दात) हे शब्द ग्रामीण वाचकांना तोंडपाठ आहेत. हिशेब तोच आहे. एकदा का ओंडक्यावर सत्तुराचे घाव पडून तुकडे झाले आणि ते काळ्या पिशवीत गेले, की यांपैकी एकही खूण हाती राहत नाही.

आता कोणत्या भागाचे मांस घ्यावे याविषयी, कारण येथे आपल्या सदराचे सर्वांत जास्त नुकसान होते. जनावराचा जो स्नायू आयुष्यभर राबतो, त्यात संयोजी ऊती म्हणजे कोलॅजन जास्त असते. मान, खांदा, नळी आणि पाय हे असे भाग आहेत. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, ओलाव्यात आणि पुरेसा वेळ मिळाल्यास हे कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रश्श्याला तो बोटांना चिकटणारा दाटपणा येतो, जो कितीही काजू वाटून घातले तरी येत नाही. रस्सा करायचा असेल तर मान, नळी आणि थोडा सीना, म्हणजे छातीचा भाग, घ्यावा. सुके करायचे असेल तर खांदा. चापा, म्हणजे बरगड्यांचे तुकडे, तव्यावर किंवा निखाऱ्यावर उत्तम होतात आणि त्यांना रश्श्यात बुडवून तासभर उकळणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. मांडीचे, म्हणजे रानेचे, मांस भरदार दिसते म्हणून गिऱ्हाईक तेच मागते, पण नुसत्या मांडीचा रस्सा पाणचट होतो. तिचा खिमा करावा किंवा ती अखंड भाजावी. पांढऱ्या रश्श्याचे मूळ तर अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता मटण शिजवलेल्या पाण्यातच आहे. हळद, मीठ, आले-लसूण लावून हाडांसकट मटण शिजवले, की त्या पाण्यातील काही भाग नारळाच्या दुधाकडे आणि काही भाग तिखटाकडे जातो. हाडे नसलेले मटण घेऊन हा रस्सा करायला सांगणारी कृती माझ्या वाचनात आली आहे, तेव्हा हे लिहिणे भाग पडले.

याच ओघात शिट्ट्यांविषयीही लिहितो. ‘कुकरच्या चार शिट्ट्या काढा’ हे वाक्य मराठी पाककृतींतून हद्दपार व्हायला हवे. कुकर किती लिटरचा, आच किती, पाणी किती, झडपेचे वजन कोणत्या कंपनीचे, यावर शिट्टी तीन मिनिटांनी वाजेल की सात, हे ठरते. दाब धरल्यावर आतील तापमान १२० अंशांच्या जवळपास स्थिर राहते आणि मंद आचेवर तेथे किती मिनिटे गेली, एवढेच महत्त्वाचे असते. कोवळ्या बोकडाला जेवढी मिनिटे पुरतात, त्याच्या दुपटीनेही आठ दातांच्या शेळीचे भागत नाही, आणि जनावराचे वय न लिहिता मिनिटे लिहून तरी काय उपयोग? कलेजीचा तर कुकरशी संबंधच येऊ नये. तापलेल्या तव्यावर थोडक्या वेळात ती शिजते. त्यापुढे प्रत्येक मिनिटाला ती चामट होत जाते.

आपल्याकडे मटण चामट होण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. रविवारी पहाटे कापलेले जनावर नऊ वाजता घरी येते आणि अकराला चुलीवर असते. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि नेमक्या त्याच अवस्थेत आपण त्यांना पातेल्यात घालतो. हेच मटण स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात शीतकपाटात शून्य ते चार अंशांवर एक रात्र ठेवले, तर ते सैल पडते आणि कमी इंधनात शिजते. ‘बर्फातले मटण नको’ हा आपला हट्ट शिळ्या आणि निष्काळजीपणे साठवलेल्या मालाच्या अनुभवातून आला आहे हे मान्य. पण ताजे म्हणजे कोमट असलेच पाहिजे, हा समज सोडायला हरकत नाही. कच्च्या पपईचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो जून मांसासाठी आहे. कोवळ्या मटणाला रात्रभर पपई लावल्यास त्याचा लगदा होतो.

कोंबडीविषयी थोडक्यात लिहितो. पाच-सहा आठवड्यांत सुमारे दोन किलोचा होणारा ब्रॉयलर आणि परसात किडे-दाणे टिपत पाच-सहा महिन्यांनी हाताशी येणारी गावरान कोंबडी हे स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळे पक्षी आहेत. गावरान कोंबड्याचा रस्सा तासभर रटरटला तरी मांस हाडाला धरून राहते. ब्रॉयलरला तेवढा वेळ दिला तर रश्श्यात तंतू तरंगू लागतात. कोंबडी-वड्यांची जुनी मालवणी कृती ब्रॉयलरवर जशीच्या तशी करून ‘पूर्वीची चव राहिली नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. मधल्या जागेत गिरिराज, वनराज यांसारखे संस्थांनी विकसित केलेले पक्षी आहेत, जे अनेक ठिकाणी ‘गावरान’ म्हणूनच विकले जातात. ते पक्षी वाईट नाहीत, पण गावरानाचा भाव देऊन ते घेणाऱ्याला निदान माहिती असावी. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून आपल्याकडे त्याचा बोलबालाही झाला. त्याचे मांस काळे आणि चिवट असते, त्याला बटर चिकनच्या साच्यात बसवू नये.

ज्या भागांना शहरात आता नाके मुरडली जातात, त्यांना आपल्या पुरवणीत अद्याप स्थान नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. वजडी, म्हणजे जनावराचे पोट व आतडी, चुना लावून, गरम पाण्यात खरवडून साफ करण्याचे काम कष्टाचे आहे. मुंडी आणि पाय जाळावर भाजून, सुरीने खरडून, पुन्हा धुवावे लागतात. रक्ती, म्हणजे गोठलेले रक्त, कांद्यावर परतताना हात हलता ठेवावा लागतो. कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या, जेवणात जनावराचा कोणताही भाग वाया जात नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला मांसाहारातील मितव्यय वेगळा शिकवावा लागत नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या सावजी स्वयंपाकात खूर आणि आतड्याची ‘सुंदरी’ मानाने वाढतात. सावजीवर आपण छापलेल्या लेखात मात्र जवसाचे तेल आणि तिखटाचा जाळ एवढेच होते. हे भाग स्वस्त आहेत, पौष्टिक आहेत आणि ते शिजवण्याची विद्या लिहून न ठेवल्यास आणखी एका पिढीत ती फक्त खाणावळींच्या भटारखान्यात उरेल.

मोठ्या जनावरांच्या मांसाचा विषय टाळून हे पत्र पुरे होणार नाही. राज्यात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीचे मांस या बंदीत नाही, तरी ते शिजवावे कसे, हे मराठीत क्वचितच छापले जाते. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर मांसाचे लांब पट्टे कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर उन्हात वाळवून त्याच्या चान्या करीत; शीतकपाट नसलेल्या घरात महिनोन् महिने टिकणारे ते अन्न होते आणि भाकरीबरोबर भाजून किंवा कालवणात घालून खात. या अन्नामागे टंचाई होती आणि लादलेली परिस्थिती होती, हे विसरून त्याचे कौतुक करू नये. पण मांस टिकवण्याचे ते अव्वल तंत्र होते हेही नाकारू नये. तसेच डुकराच्या मांसाचे. गोव्यातील आणि वसईकडील ख्रिस्ती घरांतील सोरपोतेल व्हिनेगरमुळे दोन-तीन दिवस मुरत जाते आणि शिळेच अधिक चांगले लागते, एवढे सांगून मी थांबतो, कारण त्यावर अधिकाराने लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना लिहायला सांगावे. ससा, तितर, घोरपड यांच्या ‘गावाकडच्या’ आठवणी मात्र कृतीसह छापू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि हौसेने वाचलेली कृती कोणाला तरी शिकारीचे निमित्त देते.

मांस खावे की नाही, कोणत्या दिवशी खावे, कोणी खावे, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले, तेव्हा दोन्ही बाजूंनी किती लिहिले गेले ते आपण जाणताच. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झाले, तेव्हाही किलोमागे किती रुपये, हाच वादाचा मुद्दा होता. वास्तविक, जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपासच मांस हाती येते, त्यामुळे वीस किलोच्या बोकडातून नऊ-दहा किलो मटण निघते. त्यात मेंढी कोणती, बोकड कोणता, वय काय, हे न पाहता सगळ्याला एकच दर लावणे शेतकऱ्यावरही अन्याय करते आणि गिऱ्हाइकावरही. कोवळा बोकड जपून वाढवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायचा असेल, तर दुकानाच्या फलकावर जनावर लिहिले गेले पाहिजे. स्थानिक प्रशासनाने परवान्याच्या अटींत हे घालावे, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी खर्च म्हणाल तर खडूच्या एका ओळीचा आहे.

आपल्या हातात असलेली गोष्ट त्याहून सोपी आहे. सामिष कृती पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून कोणते जनावर, साधारण कोणत्या वयाचे, कोणता भाग आणि दाब धरल्यापासून किती मिनिटे, एवढी माहिती मागून घ्यावी आणि साहित्याच्या यादीत ती सर्वांत वर छापावी. जिल्हा आवृत्त्यांनी पुण्याप्रमाणे आपापल्या गावचे बोकड व मेंढी यांचे दर वेगवेगळे द्यावेत. आषाढ जवळ आला आहे आणि दीप अमावास्येच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत मटणाच्या दोन-चार कृती येतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या अंकापासून हा बदल झाला, तर त्या सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या वाचकाला आपण काय मागायचे आहे हे तरी माहीत असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी,
कराड, जि. सातारा